जुना कॅम्पर घेताय? बॅटरीचं नंतर, आधी शिडी लावून छत बघा

पेडण्याच्या एका गृहस्थांनी विचारलंय: हरमलला पिकअपच्या हौद्यावर बसवलेला जुना कॅम्पर, म्हणजे आत राहायचं-झोपायचं खोकं, गाडीसकट विकायला आहे. दोन पावसाळे माडांखाली उभा होता. इंजिन सुरू होतं, टायर ‘बरे दिसतात’, आत ‘थोडा कुबट वास येतो’. व्यवहार झाल्यावर हाताशी दोन लाख उरतील. त्यात सोलर, लिथियम बॅटरी, फ्रिज आणि जमलं तर एसी बसवायचा आहे. मे महिन्यात बायको आणि दोन मुलांना घेऊन हंपीला जायचा बेत आहे. तर बॅटरी कुठल्या कंपनीची घ्यावी?

बॅटरीचं सांगतो, पण ती तुमच्या यादीत बरीच खाली आहे. मी डिचोलीला गाड्यांच्या बॉडीचं काम करतो. फूड ट्रक, पिकअपवरची खोकी, फिरत्या राहण्याच्या गाड्या हेच रोजचं काम. जुनी गाडी घेऊन येणारा प्रत्येक जण आधी फ्रिजचं बोलतो. तुमचा खरा प्रश्न मात्र त्या ‘थोड्या वासात’ आहे. खोकं आतून किती कुजलंय आणि गाडीला ते पेलतंय का, या दोन गोष्टी कळल्याशिवाय इसार देऊ नका.

माडाखाली उभी गाडी म्हटलं की मी पहिल्यांदा शिडी मागतो. सुकी झावळ किंवा नारळ छतावर पडला की फायबरवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक चीर उठते. खालून ती दिसत नाही, आणि वरून पालापाचोळा साफ करून ओलं फडकं फिरवलं तरच दिसते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. एवढ्या पाण्याला केसाएवढी फट पुरते. छतावरच्या हवेच्या झाकणाची किनार, सोलर किंवा कॅरियर बसवायला मारलेले स्क्रू, कोपऱ्यांवरच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या, या तिन्ही जागा नखाने चाचपून बघा. पट्टीखालचा फट बुजवायचा मसाला सुकून खडूसारखा झाला असेल तर पाणी आत गेलंय असंच धरून चाला.

मग आत या. ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला जो झोपायचा भाग असतो, त्याचे पुढचे दोन कोपरे अंगठ्याने दाबा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत मागे या. चांगलं लाकूड टणक आवाज देतं, कुजलेलं मुकं वाजतं. मालकाची परवानगी घेऊन खिडकीच्या चौकटीचा एकच स्क्रू काढून बघा. आट्यांना तांबूस गंज आणि काळसर लगदा चिकटून आला तर मागची पट्टी गेली. स्क्रू नुसताच गोल फिरत राहिला, तरी अर्थ तोच. गळती आत जिथे दिसते तिथे ती वर असेलच असं नाही. पाणी छतावरच्या झाकणापाशी शिरतं, दोन थरांच्या मधून प्लायवूडवरून सरकत जातं आणि हातभर लांब, भलत्याच कोपऱ्यात डाग पाडतं. म्हणून नळीने पाणी मारून बघायचं असेल तर खालून सुरुवात करा, हळूहळू वर जा आणि एका माणसाला टॉर्च घेऊन आत बसवा. एकदम छतावर पाणी सोडलं तर कुठली फट गळते ते कळत नाही. सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप मात्र वापरू नका, तो चांगल्या सांध्यातही पाणी घुसवतो.

पुढचं सगळं खोकं कशाचं आहे त्यावर अवलंबून आहे. लाकडी चौकटीवर अॅल्युमिनियमचा पत्रा असेल तर दुरुस्ती सोपी, कारण एकेक बाजू उघडता येते. फायबरचं सलग कवच असेल तर चिरा भरून निघतात, मात्र आतला फोम पाणी प्यायला असेल तर तो भाग कापूनच काढावा लागतो. तिसरा प्रकार आपल्याकडे सर्रास दिसतो: लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि त्यावर कंपोझिट शीट. यात बाहेरून सगळं चकचकीत आणि पाइप आतून खाल्लेला. वेल्डिंगच्या सांध्यापाशी हातोडीने हलकेच ठोकून बघा, गंजाची खपली आत खळखळली तर कळेल.

माझा हिशेब असा. छताचे सांधे आणि एखादा कोपरा गेला असेल तर घ्या, दुरुस्त होतं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात ती कड लांबवर मऊ लागत असेल तर नुसत्या पिकअपची किंमत लावा, खोक्याची शून्य धरा. विकणारा त्याला तयार नसेल तर सोडून द्या.

पिकअपचीही कुंडली विचारा. मालीम, कुटबण किंवा बेतुलच्या जेटीवरून मासळी वाहिलेली गाडी असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौद्यातून चासीवर ठिबकलेलं असतं. असल्या गाडीला वरून कितीही रंग मारलेला असो, खाली झोपून मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) ब्रॅकेट बघा. मासळीच्या गाडीवर मी कॅम्पर बसवत नाही, गिऱ्हाईक रागावलं तरी चालेल. टायर ‘बरे दिसतात’ यावर जाऊ नका, बाजूचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३व्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षं एका जागी वजन पेलत उभा राहिलेला जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलायचा.

आता वजन. लोकांना हे कंटाळवाणं वाटतं, पण घाटात गाडी उतरवताना प्रश्न याचाच असतो. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि एकूण वजनाची मर्यादा. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची सगळी चैन. मालवाहू पिकअपमध्ये हा फरक टनाच्या घरात जातो. दुहेरी केबिनच्या दिसायला दणकट ‘शौकाच्या’ पिकअपमध्ये मात्र तो आश्चर्य वाटावं इतका कमी असू शकतो. कारण ती गाडी सामानासाठी नव्हे, माणसांसाठी बनवलेली असते. हौद्यात चारशे किलोचं खोकं, त्यात पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो, चार माणसं, फ्रिज, गाद्या, भांडी, सिलिंडर. बेरीज करायला वेळ लागत नाही. तरी कागदावरच्या बेरजेवर थांबू नका. टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्या. एकदा पूर्ण गाडीचं वजन घ्या आणि एकदा फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून. एकूण वजन मर्यादेत आणि मागचा अॅक्सल मर्यादेबाहेर, असं बऱ्याच वेळा निघतं. खोक्याचा भार मागच्या अॅक्सलच्या थोडा पुढे पडला पाहिजे. मागे लोंबत असेल तर पुढची चाकं हलकी होतात आणि चोर्ला घाटाच्या वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही.

‘एक पाटा वाढवून घेतो’ हे उत्तर मला रोज ऐकायला मिळतं. पाटा वाढवला की गाडीची शेपटी वर राहते, एवढंच. ब्रेक, बेअरिंग आणि टायर तेच राहतात, आणि आरसीवरची मर्यादाही तीच राहते. बसलेले पाटे बदलून मूळ जोर परत आणणं वेगळं, ते जरूर करा.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट नाहीच: गाडी एका केबिनची की दोन? चालत्या गाडीत मागे कॅम्परमध्ये कुणीही बसायचं नाही, मुलांनी तर अजिबात नाही. एका केबिनच्या पिकअपमध्ये तुम्ही चौघं बसणार कुठे? तसं असेल तर हा व्यवहार तुमच्यासाठी नाही. मग पुढचं वाचून उपयोग नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, दोन्हींचा मथितार्थ असा की कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा प्रकार कायद्याला माहीत आहे, आणि मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आहे. म्हणून चासीला वेल्ड केलेलं खोकं आणि टर्नबकलने (पिळून ताण द्यायच्या स्क्रूने) ताणून बांधलेलं, जॅकवर उचलून उतरवता येणारं खोकं, यांत मोठा फरक पडतो. दुसऱ्या प्रकाराला मी कधीही पसंती देईन. पण ते सामान की बदल, यावर अधिकाऱ्यागणिक मत बदलतं. त्यामुळे फोटो आणि आरसी घेऊन आधी म्हापशाच्या किंवा तुमच्या हद्दीच्या वाहतूक कार्यालयात जा आणि उत्तर लेखी मागा. विमा कंपनीलाही लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. नंबरप्लेट पिवळी असेल तर पासिंगची तारीख बघा. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला ते दरवर्षी करावं लागतं.

हे सगळं पार पडलं आणि गाडी घेतलीत, तर पुढचं वेळापत्रक पंचांगाने ठरतं. फायबरचं उत्तम काम आपल्याकडे गाडीवाले करत नाहीत, होड्या दुरुस्त करणारे करतात. त्यांना रेझिन, मॅट आणि ओल यांचं गणित हातात बसलेलं असतं. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा होड्या वर ओढलेल्या असतात आणि हे लोक सापडत नाहीत. फॅब्रिकेटर मे महिन्यात दारोदार पावसाळी शेड उभ्या करत असतात. शिवाय दमट हवेत रेझिन नीट धरत नाही आणि लाकूड वाळत नाही. तेव्हा छताचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये, शिगम्याची सुट्टी धरून, उरकून घ्या.

काम करून घेताना तिथे उभे राहा. ओला भाग दिसतो तेवढाच कापून चालत नाही, चांगलं कोरडं लाकूड लागेपर्यंत कापायचा. उघडं ठेवून पंखा लावून वाळवायचा. नवीन प्लायवूड आयएस ७१० चा शिक्का असलेलंच घ्या. आयएस ३०३ च्या साध्या कमर्शियल प्लायचा इथे उपयोग नाही. चांगलं प्लायही पाणी पितं ते कडेने, म्हणून कापलेल्या प्रत्येक कडेला बसवण्याआधी इपॉक्सी पाजायचं. सुतार म्हणेल काही गरज नाही. त्याला चहा पाजा आणि हे काम स्वतः करा.

सांध्यांना सिलिकॉन लावू नका. सगळ्या दुकानांत तेच मिळतं आणि सगळे तेच फासतात. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी पुढे दुसरं काही चिकटत नाही, सिलिकॉनसुद्धा नाही. जुनं खरवडून, स्पिरिटने पुसून, झाकणाच्या आणि खिडकीच्या पट्टीखाली ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबराची पट्टी) घाला. स्क्रू एकदम आवळू नका, टेप बाहेर दाबला जाईपर्यंत फेरी-फेरीने आवळत जा. बाहेरच्या कडेला पॉलियुरेथेन सीलंट. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राकाठी राहणार असाल तर ३१६ ग्रेडचे. ते अॅल्युमिनियममध्ये थेट गेले तर खाऱ्या हवेत अॅल्युमिनियम झिजतं, म्हणून नायलॉनचा वॉशर मध्ये हवा.

आता वीज. आधी लागते किती ते बघू. चाळीस-पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना ४५ वॅट घेतो. आपल्या उकाड्यात तो दिवसाचा निम्मा वेळ चालतो, म्हणजे ५४० वॉट-तास. रात्रभर एक चांगला पंखा २०० वॉट-तास, दिवे ५०, मोबाइल आणि किरकोळ १००. सगळं मिळून ९०० च्या आसपास. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॉट-तास देते. तळ न गाठता त्यातले हजारेक वापरायचे. म्हणजे एक बॅटरी तुम्हाला पुरते. साध्या लेड-अॅसिडमधून निम्मीच वीज काढायची असते, त्यामुळे तेवढ्याच कामाला दुप्पट क्षमता लागते आणि वजन कितीतरी जास्त होतं. कंपनी कुठलीही घ्या, पण बिल, वॉरंटी आणि दुरुस्तीला पणजी-मडगावात कोणीतरी जबाबदार माणूस असेल अशीच. बॅटरी इंजिनशेजारी किंवा उन्हाच्या बाजूच्या बंद कप्प्यात नको. ४५ अंशांवर तिला चार्ज करणं बरोबर नाही.

२०० वॅटचं सोलर ऑक्टोबर ते मे दिवसाला ६५० ते ७०० वॉट-तास देईल. जुलैत ढगांखाली त्याचा भरवसा नाही. उरलेलं गाडी चालताना भरायचं: २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर मागची बॅटरी भरणारा) दोन तासांच्या प्रवासात पाचशेच्या वर भर घालतो. गाडीच्या बॅटरीपासून मागे जाणारी तार घरातल्या वायरिंगची नको. पाच मीटर अंतर असेल तर जायची-यायची मिळून दहा मीटर. एवढ्या लांबीत १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत २० अँपिअरला साधारण ०.३५ व्होल्ट गळतात, ते चालतं. चार चौरस मिलिमीटरची तार वापरलीत तर ही गळती अडीचपट होईल. फ्यूज दोन्ही टोकांना, प्रत्येक बॅटरीपासून वीतभर अंतरात, कारण वीज दोन्हीकडून येऊ शकते. तार कल्हई केलेली, म्हणजे होडीत वापरतात ती मिळाली तर उत्तम. साधं तांबं खाऱ्या हवेत वर्षभरात हिरवं पडतं. सांधे पिळून टेप गुंडाळलेले दिसले तर ते वायरिंग सरळ काढून टाका.

एसीचा हट्ट सोडा. सरासरी ६०० वॅट धरला तरी आठ तासांचे ४८०० वॉट-तास होतात. म्हणजे असल्या पाच बॅटऱ्या निव्वळ झोपेसाठी, आणि त्या भरायला छतभर सोलरही पुरणार नाही. त्यापेक्षा छताला पांढरा रंग, भिंतीत पाणी न पिणारा एक्सएलपीई फोम (ग्लासवूल नको, ते ओल धरून बसतं), खाली एक आणि वर एक अशा दोन हवेच्या वाटा, वरच्या वाटेला बाहेर फेकणारा पंखा आणि सगळ्याला मच्छरांची जाळी. मे महिन्यात हंपीत दुपारी पारा चाळिशीला टेकतो. त्या दिवसांत मुलांना घेऊन मी आंबोलीच्या बाजूला गेलो असतो. हंपी डिसेंबरात करा.

गॅसबाबत मी कडक आहे. पाच किलोचा सिलिंडर आतून पूर्ण बंद कप्प्यात ठेवायचा. कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. सांध्यांना साबणाचं पाणी लावून दर प्रवासाआधी तपासा. शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी, आणि झोपताना सिलिंडरचा कॉक बंद. किनाऱ्यावर उतरून शेगडी मांडायचा विचारही नको. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला बंदी आहे, दंड पाच हजारांपासून पुढे. गाडी वाळूत उतरवणं हाही गुन्हाच. कुणाच्या तरी अंगणात, विचारून, उभे राहा.

पाण्याला बसवलेली टाकी करू नका. वीस-वीस लिटरचे दोन कॅन ठेवा, ते घासता येतात. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्यांची चौकट करा आणि तिच्यावर काथ्याची चटई टाका. माणसाच्या अंगाचा ओलावा खाली जाऊन फळीवर थंड होतो आणि गादीला बुरशी धरते. तुमचा ‘थोडा वास’ निम्मा तिथलाही असू शकतो. तसं निघालं तर स्वस्तात सुटलात.

दोन लाखांची वाटणी मी अशी करेन: निम्मे छत, सांधे आणि जमिनीला. चौथा हिस्सा टायर, ब्रेक, पाटे आणि बांधणीच्या टर्नबकलना. उरलेल्यात बॅटरी, तारा, पंखा. फ्रिज पुढच्या वर्षी. यंदा बर्फाची पेटी न्या.

पहिली फेरी लांबची नको. साखळीमार्गे चोर्ल्याने वर जाऊन या, उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, आणि खाली आल्यावर चाकांजवळ हात नेऊन किती तापलीत ते बघा. गाडीची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, आतल्या रस्त्यांवर फणसाच्या फांद्या आणि घरांच्या वायरी खाली आलेल्या असतात. चोडणला किंवा दिवाडीला फेरीबोटीने जाणार असाल तर भरतीची वेळ साधा. ओहोटीला रॅम्प खडा होतो आणि मागे आलेलं खोकं धक्क्याला घासतं. पावसाळ्यात ताडपत्री घट्ट गुंडाळू नका. वर उंच शेड, चारी बाजूंनी वारा, खिडक्या फटीएवढ्या उघड्या.

आरसीवरचे ते दोन आकडे, केबिन एक की दोन, आणि पुढच्या दोन्ही कोपऱ्यांचे आतून काढलेले फोटो पाठवा. म्हणजे मला किंमत किती पाडून मागायची ते सांगता येईल.